वरच्या मजल्याची वीज

आमच्या घरमालकांची गाडी ताशी चार किलोमीटर वेगाने चालायची. हे मी अंदाजाने सांगत नाही. घरापासून देवळाच्या तळ्यापर्यंतचं अंतर एक किलोमीटर दोनशे मीटर आहे आणि त्यांना तिथे पोचायला अठरा मिनिटं लागत. पुढे मालक अनवाणी, अंगावर पंचा, आणि मागे दहा फुटांवर त्यांची मोठी पांढरी गाडी. काचा बंद, एसी सुरू. आत ड्रायव्हर आणि त्याच्या शेजारच्या सीटवर, वर्तमानपत्र पसरून ठेवलेल्या, मालकांच्या चपला. मैलापूरच्या त्या अरुंद रस्त्यात गाडीमागे ऑटोंची रांग लागायची आणि ऑटोवाले तमिळमध्ये जे बोलायचे ते मला अकरा वर्षांत पूर्ण समजायला लागलं होतं.

मी एकदा विचारलं, "मामा, अनवाणीच चालायचं तर चपला बरोबर कशाला नेता?"

"मी कुठें नेतों, सातारकर? त्या मागून येतात. बायको पाठवते."

मी साताऱ्याचा, म्हणून ते मला सातारकर म्हणत. ते स्वतः तंजावरी मराठी. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी दक्षिणेत आले आणि त्यांच्या मराठीने तेव्हापासून महाराष्ट्राकडे वळून पाहिलं नव्हतं. "तुम्ही आत्तां आलां," असं ते मला अधूनमधून ऐकवत, जणू मी सकाळच्या गाडीनेच उतरलो होतो. इथल्या रीतीप्रमाणे आम्ही त्यांना मामा आणि त्यांच्या बायकोला मामी म्हणायचो. ते दोघं खाली राहत, मी आणि सुधा वर भाड्याने. खाली आणि वर विजेचे मीटर वेगळे होते. हे पुढे महत्त्वाचं आहे.

मामांचा अंबत्तूरला पाण्याचे पंप बनवायचा कारखाना होता. चौतीस वर्षं चालवला. तीनशे फूट खोल बोअरमधून पाणी वर फेकणारे पंप. साठी उलटली तेव्हा त्यांनी कारखाना विकला आणि पुदुच्चेरीकडे कुठल्याशा शिबिराला दहा दिवस जाऊन आले. तिथे सधन माणसं जमिनीवर झोपायला, भिजवलेली धान्यं खायला आणि मौन पाळायला येत. मामांनी मौन सोडून बाकी सगळं घरी आणलं.

आल्या आल्या त्यांनी पंखा उतरवला. एप्रिल महिना होता. मग गाद्या गेल्या, सोफा गेला, गॅस गेला. शेवटी खालचा मेन स्विच बंद करून त्यांनी देवासमोर शपथ घेतली, "ह्या मजल्याच्या मीटरची वीज जन्मांत वापरणार नाहीं." मामी शेजारी हात जोडून उभ्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "फ्रिज कधीं नेणार?"

"शुक्रवारीं."

मामी "बरें" म्हणाल्या.

मागच्या अंगणात जुनी विहीर होती. तिच्यावर मामांच्याच कारखान्याचा पंप होता. तो काढून त्यांनी रहाट बसवला. सकाळी ते स्वतः पाणी ओढत. पाणी अठ्ठावीस फुटांवर होतं. सुरुवातीला त्यांना तीन बादल्यांना सहा मिनिटं लागायची, दोन महिन्यांनी चार मिनिटं. मला गंमत वाटली. मी कठड्याशी उभा राहून म्हणालो, "मामा, चौतीस वर्षं पंप विकले आणि आता दोर?"

ते दोर हातात धरून थांबले. तळहाताला फोड आले होते. "म्हणूनच," ते म्हणाले. "इतकीं वर्षं पाणी विकलों, पण पाणी किती जड असतें तें ठाऊक नव्हतें."

त्या दिवसापासून मी त्यांना पूर्णपणे हसू शकलो नाही. अर्धवट मात्र हसत राहिलो, कारण कारणं पुष्कळ होती.

त्यातलं मोठं कारण म्हणजे मागची मातीची खोली. दहा बाय बाराची. ती बांधायला चार महिने लागले. माती चेंगलपट्टूकडून लॉरीने आली. चुन्यात घालायला गूळ आणि हिरडा आला. आराखडा करणारी मुलगी बेंगळुरूहून विमानाने यायची आणि लॅपटॉप उघडून गवंड्यांना माती कशी तुडवायची ते दाखवायची. गवंडी माना डोलवायचे आणि ती गेली की आपल्या पद्धतीने तुडवायचे. ताडाच्या झावळ्यांची पहिली खेप मामांनी परत पाठवली, कारण मोळ्या प्लास्टिकच्या सुतळीने बांधलेल्या होत्या.

सेल्वी आमच्या दोन्ही मजल्यांवर कामाला यायची. तिचं माहेर विळुप्पुरमकडच्या खेड्यातलं. ती एकदा कंबरेवर हात ठेवून त्या खोलीकडे बघत राहिली आणि सुधाला म्हणाली, "अक्का, आमचं मातीचं घर पावसात पडलं तेव्हा बघायला एवढी माणसं आली नव्हती."

"आता कसं आहे घर?"

"आता सिमेंटचं. सरकारनं दिलेला मिक्सर आहे, ग्राइंडर आहे, पंखा आहे. ह्यांच्याकडे काय आहे? दोर." आणि ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

खोटं कशाला सांगू, त्या खोलीत गारवा होता. मी थर्मामीटर नेऊन पाहिलं. सप्टेंबरात, उन्हाच्या दिवशी दुपारी दोन वाजता आमच्या वरच्या खोलीत छत्तीस अंश आणि मातीच्या खोलीत बत्तीस. मी आकडा सांगितला तेव्हा मामांनी थर्मामीटरकडे बघितलंसुद्धा नाही. "देहाला विचारा, सातारकर. काचेच्या नळीला काय विचारतां?"

देहाला विचारा, हे त्यांचं पालुपद होतं. किती जेवायचं, कधी झोपायचं, पायात काटा गेला तर काढायचा की राहू द्यायचा, सगळं देहाला विचारायचं. त्यांचा देह त्यांना नेहमी त्यांच्या मनासारखं उत्तर द्यायचा, हे मी टिपून ठेवलं होतं.

दर रविवारी दुपारी त्यांच्यासारखीच मंडळी जमायची. नुंगंबाक्कमहून, अड्यारहून. दारात सात-आठ गाड्या. चपला गाड्यांतच राहायच्या. सगळे अंगणातून चटके सोसत, पण चेहऱ्यावर तसं न दाखवता, मातीच्या खोलीत यायचे आणि चटईवर बसून केळीच्या पानावर भिजवलेली नाचणी, वरई, ओलं खोबरं, मध असं जेवायचे. आत येताना सगळ्यांचे फोन एका मडक्यात ठेवायचे आणि वर झाकण. मडकं जेवण होईपर्यंत गुणगुणत असायचं. मध्येच कोणाची तरी नजर तिकडे जायची आणि तो माणूस जरा जास्तच मन लावून नाचणी चावायचा.

मामी ह्या सगळ्यात वाढायला असत. शांत बाई. गुडघे दुखायचे, म्हणून बसताना भिंतीचा आधार घ्यायच्या. त्यांनी नवऱ्याला एकदाही विरोध केलेला मी ऐकला नाही. त्यांचा एकच दोष मामा सगळ्यांना सांगत: "हिला टीव्हीचें व्यसन आहे. सगळें सोडली, तें सोडवेना. सकाळीं पावणेआठला देवाचीं गाणीं आणि संध्याकाळीं साडेसातला ती मालिका. वर जाते, बघते, येते. असूं दे. एवढें तरी असूं दे." हे सांगताना त्यांना आपल्या उदारपणाचं कौतुक वाटे.

आता ते टीव्हीचं सांगतो.

फ्रिज शुक्रवारी जायचा होता. पण मेन स्विच बंद झाला त्याच दुपारी मामी आमच्याकडे वर आल्या होत्या. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्यांनी तो सुधाच्या हातात दिला. "सुधे, हें तुझ्या फ्रिजमध्यें असूं दे. ह्यांना सांगूं नको." डब्यात इन्सुलिन होतं, सुया होत्या आणि साखर मोजायचं छोटं यंत्र. मामींना एकोणीस वर्षांपासून मधुमेह होता. मामांनी त्यांना सांगितलं होतं की सुया आता बंद, नाचणी, कारलं आणि जमिनीवरची झोप ह्यांनी तीन महिन्यांत दुखणं सुटेल. मामी "बरें" म्हणाल्या होत्या. तीन महिन्यांनी मामांनी विचारलं, "सुटलें?" मामी म्हणाल्या, "सुटलें." आणि दिवसातून दोनदा टीव्ही बघायला वर येत राहिल्या.

टीव्ही आम्ही खरंच लावायचो, आवाज खाली जावा म्हणून. मामी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून साखर तपासायच्या, सुई घ्यायच्या, आकडा मला सांगायच्या. मी तो कॅलेंडरवर लिहायचो. मी मोजमापाच्या नोकरीतला माणूस आहे, रेल्वेच्या डब्यांची तपासणी करतो. आकडा समोर आला की लिहून ठेवल्याशिवाय चैन पडत नाही. हे बरोबर चाललंय का, असं मी सुधाला दोन-तीनदा विचारलं. ती म्हणाली, "त्यांचा संसार, त्यांची सुई. आपण फ्रिज दिलाय, सल्ला नाही." मला पटलं. मामांनी मला कधी विचारलं नव्हतं, म्हणजे मी खोटं बोललो नव्हतो. आठ महिने मी ह्याच हिशेबावर होतो.

मग तो रविवार आला. मामांनी मला जेवायला बोलावलं आणि कुतूहल म्हणून मी गेलो.

चटईवर अकरा जण होतो. माझ्या समोर एक गृहस्थ बसले होते. त्यांची कापडाची मोठी दुकानं होती. शेजारी त्यांची बायको, नाकात दोन्हीकडे हिरे. गृहस्थ थकल्यासारखे दिसत होते, ओठ कोरडे. मी आधी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. मग लक्षात आलं की मामी त्यांचा पितळी पेला सारखा भरतायत. मी मोजायला लागलो. अर्ध्या तासात सात पेले पाणी झालं, पानावरची नाचणी तशीच.

मामा बोलत होते. मंडळींसमोर ते तमिळ बोलत. "माझ्या बायकोकडे बघा. एकोणीस वर्षांचा मधुमेह. आठ महिने झाले, एक सुई नाही. कोणी केलं? डॉक्टरनं? मातीनं केलं."

सगळ्यांनी मामींकडे आदराने बघितलं. मामींनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

कापडवाल्यांची बायको हसून म्हणाली, "मामींचंच ऐकून आम्हीपण धीर केला. ह्यांनी बुधवारपासून इन्सुलिन बंद केलंय. चार दिवस झाले. थोडा थकवा आहे, पण ते विष बाहेर पडतंय ना."

"पडणारच," मामा म्हणाले. "देहाला विचारा."

देह आठवा पेला मागत होता.

मी बोलणारच होतो, असं मी पुढे बऱ्याच जणांना सांगितलं आहे. ते खरं आहे की नाही, मला आजही नक्की सांगता येणार नाही. कारण तेवढ्यात मामी भिंतीला धरून उठल्या आणि बाहेर गेल्या. मला वाटलं, त्यांना ऐकवलं नाही. जिन्यावर त्यांची पावलं वाजली. चढायला त्यांना नेहमी दीड मिनिट लागायचं. त्या दिवशी किती लागलं ते मी मोजलं नाही.

त्या परत आल्या तेव्हा हातात बिस्किटांचा डबा होता. त्या कापडवाल्यांच्या बायकोसमोर बसल्या. डबा उघडला. दुपार ही सुई घ्यायची वेळ नव्हती, म्हणून त्यांनी ती नुसती हातात धरून सगळ्यांना दाखवली आणि तमिळमध्ये म्हणाल्या, "आठ महिन्यांत एक दिवस चुकला नाही. सकाळ-संध्याकाळ. वर टीव्ही नाही बघत मी. उठा, ह्यांना आत्ता दवाखान्यात न्या." मग डब्यातलं यंत्र काढून त्यांनी त्या गृहस्थांच्या बोटाला टोचलं. यंत्राने आकडा दाखवलाच नाही. नुसतं "हाय" असं इंग्रजी अक्षरांत आलं, म्हणजे यंत्राच्या मोजण्यापलीकडे.

पुढच्या दोन मिनिटांत ती खोली रिकामी झाली. मडक्यातून फोन काढताना एकमेकांचे फोन घेतले गेले. अंगणातून सगळे पळत गेले आणि कोणाला चटके बसल्याचं दिसलं नाही. कापडवाले चार दिवस दवाखान्यात होते आणि बरे होऊन घरी गेले, हे आधीच सांगून टाकतो. डॉक्टर म्हणाले, रात्र काढली असती तर सांगता आलं नसतं.

मामा आपल्या पानासमोर तसेच बसून होते. मामी पानं उचलायला लागल्या. मी वर आलो. नंतर सेल्वीने सांगितलं की संध्याकाळपर्यंत मामा विहिरीवर पाणी ओढत होते. हंडे भरले, बादल्या भरल्या, टाकी भरली, तरी ओढत होते. शेवटी भरायला भांडं उरलं नाही तेव्हा झाडांना घातलं.

दुसऱ्या दिवशी पावणेआठला दार वाजलं. मामी, आणि त्यांच्या मागे मामा, अनवाणी. खालची वीज बंद केल्यापासून ते कधी वर आले नव्हते.

"टीव्ही बघायला आलों," ते म्हणाले.

टीव्ही बंद होता. तो आता लावायची गरज नव्हती. मामा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले. मामींनी साखर तपासली, आकडा सांगितला, मी कॅलेंडरवर लिहिला. मामी सुई घेत असताना मामांनी मान फिरवली नाही. नंतर ते उठले, कॅलेंडरची पानं मागे मागे उलटत गेले. प्रत्येक चौकोनात दोन आकडे. मग त्यांनी आमचा फ्रिज उघडला आणि हात आत घातला.

"किती डिग्री?"

"चार," मी म्हणालो.

त्यांनी दाराच्या कडेवरून बोट फिरवलं. "रबर सैल झाला आहे. बदला." चौतीस वर्षांचा कारखानदार एकदम परत आला होता. मग फ्रिज बंद करून त्यांनी विचारलं, "सातारकर, तुम्ही मोजणारे. जिन्याला पायऱ्या किती?"

"सोळा."

"आठ महिने. दिवसाला दोनदा."

महिना तीस दिवसांचा धरून मी सांगितलं, "सात हजार सहाशे ऐंशी." आणि मग, अर्धवट हिशेब देता येत नाही म्हणून, "ह्या चढायच्या. उतरायच्या वेगळ्या."

मामा मामींच्या गुडघ्यांकडे बघत राहिले.

"मी एकदांही विचारलों नाहीं," ते म्हणाले.

"विचारलां कीं," मामी डबा बंद करत म्हणाल्या. "'सुटलें?' म्हणून विचारलां. तुम्हांस 'सुटलें' ऐकायचें होतें, मी सांगितलें. आतां उठा, सुधेला स्वयंपाक करायचा आहे."

मला वाटलं, आता मेन स्विच चालू होणार, पंखे लागणार, सोफा परत येणार. सेल्वीने तर सोफा आला की जुन्या चटया मागून घ्यायच्या ठरवल्या होत्या. तसं काही झालं नाही. गुरुवारी मामा एक छोटा फ्रिज घेऊन आले, हॉटेलच्या खोलीत असतो तेवढा, आणि वायरचं भेंडोळं. त्यांनी आमच्या मागच्या खिडकीपासून मातीच्या खोलीपर्यंतचं अंतर टेपने मोजलं. बावीस मीटर. वायर किती जाडीची हवी ते तोंडी सांगितलं, अर्थिंग स्वतः केलं, आणि आमच्या खिडकीतून वायर काढून, पेरूच्या झाडावरून, ताडाच्या छपराखालून आत नेली. विहिरीवर दोर आणि मातीच्या खोलीत फ्रिज.

"शपथेचं काय, मामा?" मी विचारलं.

"शपथ खालच्या मीटरची घेतलों. ही वरच्या मजल्याची वीज आहे."

मी पुष्कळ विचार केला. अक्षरशः बघितलं तर त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

रविवारची मंडळी कमी झाली, बंद झाली नाही. येणारे झावळ्यांतून उतरलेल्या त्या काळ्या वायरकडे बघून थबकायचे. मामा ते लपवत नव्हते. "हें काय" असं कोणी विचारायच्या आधीच बोट दाखवून सांगायचे, "हें माझ्या बायकोचें." पुढे नाचणी, वरई, खोबरं. कापडवालेही एकदा आले. येताना स्वतःचा डबा घेऊन आले आणि मामींनी तो आपल्या डब्याशेजारी ठेवून दिला.

त्यानंतर मामींना जिना चढावा लागला नाही. सुई आता मामा देत. छोट्या फ्रिजच्या आत एक थर्मामीटर ठेवलं होतं, माझ्याकडूनच मागून नेलेलं, काचेच्या नळीचं. रोज सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी ते त्यातला आकडा कोळशाने मातीच्या भिंतीवर लिहीत. चार, चार, पाच, चार. भिंतीचा तो कोपरा बघायला मी अधूनमधून जायचो. नोंद नीट होती, एकही दिवस सुटलेला नव्हता. फक्त मे महिन्यातल्या दुपारच्या आकड्यांत गडबड होती. सकाळी चार असलेला फ्रिज दुपारी अडीचला नऊवर गेलेला असायचा आणि संध्याकाळी परत चार. त्या वेळी मामी पुढच्या पडवीत झोपलेल्या असत आणि मातीच्या खोलीत मामा एकटे असत.

मी मामींना एवढंच सांगितलं की उन्हाळ्यात औषध आमच्या फ्रिजमध्ये असलेलं बरं, मी रोज आणून देईन. त्या माझ्याकडे बघून हसल्या आणि "बरें" म्हणाल्या. पुढचे पूर्ण दोन महिने सकाळ-संध्याकाळ डबा मी खाली नेला आणि वर आणला. खालच्या छोट्या फ्रिजमध्ये त्या दिवसांत काहीच ठेवलेलं नव्हतं, तरी तो चालू होता. दुपारी त्याचं दार किती वेळ उघडं असायचं, ते मात्र मी मोजलं नाही.